सावलीला न मिटणारा शिंपला

सकाळी उठल्यावर देवाजवळ दिवा लावायच्या आधी मी त्या शिंपल्याला हात दाखवायचे. हात दाखवायचे म्हणजे काचेच्या पेटीवरून तळवा हलकेच फिरवायचा, एवढंच. माझ्या हाताची सावली पडली की तो चटकन अंग चोरून मिटायचा आणि मग कोण आलं ते बघावं तसा हळूहळू उघडायचा. त्या सकाळी मी हात फिरवला आणि तो मिटला नाही.

वाटलं, हात लांब राहिला असेल. जवळ नेऊन पुन्हा फिरवला. तरी तो तसाच. 

ही पेटी माझ्या सुनेची. समुद्राचं खारं पाणी, खाली पांढरी वाळू, दगडांवर वाढवलेली पोवळी, तीन मासे आणि काच साफ ठेवणाऱ्या बारक्या गोगलगायी. आणि मधोमध हा शिंपला, माझ्या दोन मुठींएवढा. दोन शिंपांच्या मधून त्याचं मांस बाहेर येऊन पसरतं, निळं, त्यावर हिरवे ठिपके. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सुनेने सांगितलं होतं, पण मी आपली पदर म्हणते. सून पुण्याची. तिने एकदा माझा शब्द ऐकला आणि तीही पदरच म्हणायला लागली.

मी कानडी मुलखातल्या आनेकलची. वडील तिथे शिंपीकाम करायचे. चौथीपर्यंत कानडी शाळेत शिकले, मराठी अक्षरं वडिलांनी घरी गिरवून घेतली. लग्न होऊन चिकपेटच्या मागच्या गल्लीत आले, आणि यजमान गेल्यावर मुलाच्या जयनगरच्या फ्लॅटवर. समुद्र मी कधी बघितला नव्हता. पहिला बघितला तो हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. सुनेशी बोलायला सुरुवातीला मला भीती वाटायची. ती भराभर बोलायची, निम्मं इंग्रजी. माझ्या मराठीत कानडी येतं म्हणून मी तिच्यासमोर वाक्यं मनात आधी जुळवून बघायचे.

तिला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात ते राहिलं नाही. त्यानंतर ती खोलीत गेली ती बाहेर येईना. पडदे ओढलेले, लॅपटॉप पलंगावरच. ताट दाराशी ठेवायचं आणि तसंच्या तसं उचलायचं. मुलगा दाराबाहेर उभा राहायचा, मग बाजूच्या खोलीत झोपायला जायचा. मी स्वयंपाकघरातून त्या दाराकडे बघत राहायचे. आतून काही आवाज आला नाही की घाबरायचे, आला तरी घाबरायचे. मासे तेवढे मी जमेल तसे सांभाळले.

मग एक दिवस पेटीच्या दुकानातून हा शिंपला आला. तिने तो आधीच कधीतरी सांगून ठेवला होता आणि विसरली होती. जिवंत वस्तू आली, तिला परत कशी पाठवणार? ती बाहेर आली, बाही वर केली आणि त्याला वाळूत बसवलं. मी वाकून बघायला गेले तर त्याने पाण्याची पिचकारी मारली, थेट माझ्या चष्म्यावर. मी दचकून मागे सरले ती सोफ्यावरच बसले. आणि ती हसली. किती महिन्यांनी तो आवाज ऐकला. चष्मा पुसायचं निमित्त करून मी आत गेले आणि डोळे पुसून आले.

तेव्हापासून ती रोज बाहेर यायला लागली. त्याचं पाणी तपासायची, दिवा बघायची, मग तिथेच बसून कॉफी प्यायची. हळूहळू ऑफिसलाही जायला लागली. म्हणून तो मिटला नाही तेव्हा मला त्याची जेवढी भीती वाटली त्याहून जास्त त्या खोलीच्या दाराची वाटली. हा गेला तर ती परत आत जाईल.

ती उठेपर्यंत मी पेटीपाशीच उभी राहिले. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "काय आई, आज गुड मॉर्निंग लांबलं का?"

"अगं, तो मिटत नाही," मी म्हणाले.

तिचा चेहरा बदलला. मोबाईलची बॅटरी लावून ती खाली बसली. पदराची कड आत आवळली गेली होती, कुणी चिमटे काढल्यासारखी जागोजागी. पाणी आत घ्यायचं त्याचं भोक आ वासल्यासारखं उघडं पडलं होतं.

"मासा टोचत असेल का?" तिने विचारलं. आम्ही दोघी पेटीसमोर फरशीवर बसलो. पिवळा मासा त्याच्या जवळून जायचा, पण तोंड लावायचा नाही.

"हा नाही," ती म्हणाली. "हा बिचारा नुसता हिंडतो. तुमच्या मुलासारखा."

एरवी मी हसले असते. मग तिने बारक्या बाटल्यांत पाणी घेऊन थेंब टाकून तपासलं. रंग बदलले, कागदाशी लावून बघितले. "सॉल्ट ओके, कॅल्शियम ओके, सगळं नॉर्मल आहे. मग झालंय काय याला?" तिचा आवाज चिरकला. तो चिरकलेला आवाज मी आधी ऐकला होता, दवाखान्यात. तिथेही सगळे रिपोर्ट नॉर्मलच होते.

तिने त्याला अलगद वर काढलं. बुडाशी तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी चिकटतात आणि त्याचं रक्त पितात, असं तिने वाचलं होतं. मी ताट धरलं, तिने मऊ ब्रशने बूड साफ केलं. ताटात नुसती वाळू पडली. त्याला परत ठेवताना मला दिसलं, काच साफ करणाऱ्या आमच्या दोन गोगलगायी वाळूत उताण्या पडल्या होत्या. मी तिला दाखवल्या.

"म्हाताऱ्या झाल्या असतील," ती म्हणाली, पण बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

दुकानातल्या ज्या मुलाशी ती इंग्रजीत बोलायची तो गावी गेला होता. फोन त्याच्या वडिलांनी उचलला, आणि ते कानडीशिवाय बोलेनात. सुनेने दोन वाक्यं बोलून बघितली आणि फोन माझ्यापुढे धरला. "आई, तुम्ही बोला. प्लीज."

मला दारावरच्या कुरिअरवाल्याशी बोलायचं तरी अंगावर काटा येतो. पण तिने स्पीकर लावून फोन माझ्या हातात दिला होता. मी सांगितलं, पदर आवळलाय, तोंड उघडं आहे, सावलीला मिटत नाही. पदर म्हणताना मी सेरगु म्हणाले, कानडीत साडीच्या पदराला म्हणतात तेच. पलीकडून हसू आलं.

"अम्मा, साडी नेसवलीत का त्याला?"

मग ते नीट बोलले. कड अशी आवळते तो एक आजार असतो, त्याला साध्या पाण्याची अंघोळ घालतात. गोडं पाणी, पेटीएवढंच कोमट, अर्धा तास. त्यात वाचला तर वाचला. मी मराठीत सांगितलं. सून म्हणाली, "हो, मीही वाचलंय. रिस्की आहे, पण करतात. करूया."

ती शिंपला काढायला गेली. पाणी आणायला मी स्वयंपाकघरात गेले, ओट्यावरच्या फिल्टरची तोटी उघडून पातेलं भरलं. पेटीतलं पाणी उन्हाने उडून कमी होतं, तेव्हा सूनही याच तोटीचं पाणी त्यात घालायची. थोडं गॅसवर तापवून मी त्यात मिसळलं आणि सवयीने कोपर बुडवून बघितलं, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. वर बघितलं तर ती दारात उभी. मी कोपर काढून पदराला पुसलं. तिने थर्मामीटर पुढे केला आणि म्हणाली, "यातही बघूया."

पातेलं हॉलमध्ये फरशीवर ठेवलं. तिने शिंपला दोन्ही हातांत धरून पाण्याबाहेर काढला. त्याने पिचकारी मारली नाही. दुकानवाल्या म्हाताऱ्यांचा फोन चालूच होता. म्हातारे म्हणाले, "स्वल्प इरी, अम्मा." जरा थांबा. मग विचारलं, "नीरु याव्दु?" पाणी कुठलं?

"फिल्टरचं," मी म्हणाले.

"फिल्टरल्ली ताम्र इल्ल ताने?"

फिल्टरमध्ये तांबं नाही ना? हल्ली तांब्याचे फिल्टर निघालेत, ते सांगत होते, माणसाला चांगलं म्हणून बसवतात. पण शिंपला, गोगलगाय, यांना तांबं म्हणजे विष. माशांना एवढ्याने काही होत नाही. तसल्या पाण्यात बुडवलात तर तो हातातच जाईल.



दसऱ्यानंतर सुनेच्या आईने पुण्याहून तांब्याची बाटली पाठवली होती. रात्रभर पाणी ठेवून सकाळी प्यायचं, अंगात ताकद येते, पुढच्या वेळेला बरं. सुनेने ती बाटली तशीच माळ्यावर टाकली. त्याआधी कुणी शतावरी दिली होती, कुणी खारका, माझ्या नणंदेने कुठलासा धागा. ती म्हणाली होती, "मला पेशंट करू नका कुणी. ज्याला जे द्यायचंय ते स्वतः खा." मुलगा तेव्हा तिथेच होता. पुढच्या आठवड्यात ऑफिसला निघताना तो मला हळूच म्हणाला, "आई, आज फिल्टरवाला येईल. तांब्याचं नवीन बसवणार आहे. तिला सांगू नकोस, उगीच चिडेल. पाणी तर पिणारच ना ती." सून त्या दिवशी ऑफिसला होती. माणूस आला, जुना डबा काढून विटकरी रंगाचा नवीन बसवला, हिंदीत काहीबाही समजावलं, मी मान हलवली. झालं. त्यानंतर रोज तिच्या टेबलावर पाण्याचा तांब्या मीच भरून ठेवत होते, आणि पेटीत पाणी ती स्वतःच्या हाताने घालत होती.

"आई, काय म्हणतायत ते?"

तिच्या हातांतून पाणी फरशीवर गळत होतं. मी तिच्याकडे बघितलं. सांगितलं तर तिला कळणार की नको म्हटलेली गोष्ट नवऱ्याने तिच्या पाण्यात घातली, आणि सासू रोज ग्लास पुढे करत राहिली. ती बॅग भरेल. मुलाचा संसार माझ्या तोंडून मोडेल. आणि नाही सांगितलं तर तिच्या हातातला तो जीव तीच त्या पातेल्यात सोडेल. कानडी तिला येत नव्हतं. मी काहीही सांगू शकले असते. पाणी सांडलं म्हणू शकले असते, दुसरं आणते म्हणू शकले असते. पण मग पेटीतल्या पाण्याचं काय?

ती वाकली. मी पायाने पातेलं ढकललं. पाणी सगळीकडे उसळलं.

"आई!"

"त्यात घालू नको. त्या पाण्यात तांबं आहे. पेटीतही तेच गेलंय. तो तांब्याने आजारी आहे."

"तांबं कुठून येईल?"

"फिल्टरमध्ये. त्याने बसवून घेतलंय. तुझ्यासाठी."

फोनमधून म्हातारे विचारत होते, "अम्मा? अम्मा, इद्दीरा?" आहात ना.  सुनेने आधी शिंपला पेटीत नेऊन ठेवला, जपून, पूर्वीच्याच जागी. मग ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"म्हणजे मीही तेच पितेय."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

मी मान हलवली.  वाटलं, आता ती खोलीत जाईल आणि कडी लागेल. ती वळलीही तिकडे. मग पेटीकडे बघितलं, उताण्या गोगलगायींकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यांना विचारा, आता काय करायचं."

मी विचारलं. रडत रडत विचारलं. म्हातारे घाईघाईने म्हणाले, सरी सरी, अळबेडी अम्मा, रडू नका. त्यांनी तयार खाऱ्या पाण्याचे कॅन रिक्षाने पाठवले आणि एक पांढरी जाड गादीसारखी चौकोनी पट्टी. ती पाण्याच्या वाटेत ठेवायची, पाण्यात तांबं असेल तर ती ओढून घेते आणि निळसर होते. आम्ही दोघींनी निम्मं पाणी उपसून नवीन भरलं. ती कामाचं तेवढंच बोलत होती. "धरा." "सोडा." "हळू." दुपारी कपडे वाळत घालून आले तर ती पट्टी हातात घेऊन उभी होती. पांढऱ्यावर फिकट हिरवट निळा रंग चढला होता, जुन्या समईच्या बुडाशी चढतो तसा.

"बघा," ती म्हणाली. "डायग्नोसिस."

संध्याकाळी मुलगा आला. मी स्वयंपाकघरात होते, कुकरचा गॅस बंद करून उभी राहिले. आवाज चढले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"तू माझ्या पाण्यात औषध घातलंस."

"औषध कुठे गं? तांबं आहे. सगळे पितात."

"मी नको म्हटलं होतं."

"तू सगळ्यालाच नको म्हणत होतीस. त्याआधी महिनोन्महिने दार उघडत नव्हतीस. मी काय करायचं होतं? तुझ्या दाराबाहेर उभा राहून राहून..."  माझा मुलगा वडील गेले तेव्हा रडला नव्हता. त्या दिवशी तो फरशीवर बसून रडला. मग सुनेने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. जवळ बसली की लांब, ते मी बघितलं नाही.

तरी ती पुण्याला गेलीच. म्हणाली, "थोडे दिवस." किती ते मी विचारलं नाही, विचारायची हिंमत नव्हती. जायच्या आधी फिल्टरवाल्याला बोलावून साधं फिल्टर बसवून घेतलं, स्वतः समोर उभं राहून. मला पेटीचं सगळं दाखवलं. पट्टी कधी बदलायची, पाणी कुठल्या खुणेपर्यंत. मुलगा बॅग घेऊन उभा होता, म्हणाला, "मी करीन ना ते."

"पेटी मी आईंकडे देतेय," ती म्हणाली. "तुझ्याकडे नाही."

मी तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. "आणि आई, तो गेला तर तसं सांगा. बरा आहे वगैरे सांगू नका मला."

मग घर फार शांत झालं. सकाळी मला उठवेना. डोळे उघडले की आधी भीती यायची, मग आठवायचं कशाची. पेटीपाशी जाऊन तळवा फिरवायचे. तो तसाच. पदराची एक कड पांढरी पडायला लागली होती. मेला की काय म्हणून मी काचेला नाक लावून बघत बसायचे, आत काही हलतंय का. पाण्याला वास येतो का, तेही बघायचे. मेलेला शिंपला सगळं पाणी नासवतो, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं. आता त्यांना फोन मी स्वतःच लावायचे. "अम्मा, सेरगु कसा आहे?" ते विचारायचे.

सुनेचा फोन यायचा. "मिटला?"

"नाही."

"बरं." आणि फोन बंद. मुलगा समोर बसलेला असायचा, ताटात बोट फिरवत. तो विचारायचा नाही, मी सांगायचे नाही. तिच्या खोलीचं दार उघडंच असायचं. आत पडदे सरकवलेले, ऊन पलंगावर. त्या उघड्या दाराकडे बघायलाही मला नको वाटायचं.

आज सकाळी मी हात फिरवला. काही झालं नाही. म्हटलं, पुरे झालं, आता फोन करून सांगायचं, बाई, हा काही राहत नाही. परत जाण्यासाठी वळले तेव्हा पदर खांद्यावरून सुटून पेटीच्या काचेवरून गेला, माझा, साडीचा. आणि तो मिटला. पूर्ण नाही. झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसा अर्धवट, आळसावल्यासारखा. मी जागीच थांबले. तो पुन्हा उघडला. मी मुद्दाम पदर नेला. पुन्हा मिटला.

मी फोनवर तिचं नाव शोधलं.

"अगं, मिटला."

पलीकडे तिच्या आईच्या घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"खरं सांगताय ना, आई?"

"खरं. पण अर्धाच. आणि एक कड पांढरी पडलीय."

"ती राहील तशीच कदाचित." ती नाक ओढत होती. "हात पाण्यात घालू नका. त्याला जागचं हलवू नका. पांढऱ्या बाजूचं मी आल्यावर बघते."

मी आल्यावर, म्हणाली. कधी, ते मी आजही विचारलं नाही. फोन ठेवला आणि मुलाच्या दारावर थाप मारली.